ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं: डिस्क पुन्हा बदलायच्या आधी काय तपासू?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारायला लागणार नाही.

गाडी लहान पेट्रोल हॅचबॅक, २०१६ ची. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. सातारा-पुणे जाणं-येणं नेहमीचं, वडिलांना तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. तक्रार अशी की शंभरच्या आसपास वेग असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. ऐंशीला थरथर सगळ्यात जास्त, साठच्या खाली कमी होत जाते आणि चाळीसला जवळजवळ कळत नाही. ब्रेक न दाबता गाडी शंभरला एकदम शांत. पेडलला हलका धक्का जाणवतो, पण खरा त्रास हातांना. पुण्याहून येताना खंबाटकी उतरून सुरूरच्या बाजूला आलं की जास्तच.

गेल्या वर्षी याच तक्रारीसाठी पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. सुरुवातीला गाडी छान थांबायची. पाच-सहा हजार किलोमीटर झाले आणि थरथर हळूहळू परत आली. आता गॅरेजमध्ये सांगतात, "डिस्क वाकलीय, परत बदला." बदलायला माझी हरकत नाही, पण नवी कोरी डिस्क एवढ्यात वाकते कशी हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच होणार असेल तर मूळ कारण आधी सापडायला हवं. जाणकारांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

घाटवाट (वाई)

ताई, मी पाचगणी-महाबळेश्वरची टुरिस्ट गाडी चालवतो, त्यामुळे ब्रेकशी रोजचा संबंध. पहिली गोष्ट, हे ठीक होईपर्यंत वेग कमी ठेवा आणि पुढच्या गाडीपासून अंतर जास्त सोडा. उसाचा हंगाम सुरू झालाय, वळणावर अचानक ट्रॅक्टर-ट्रॉली समोर येते आणि मागचा दिवा कधी असतो कधी नसतो.

दुसरी गोष्ट, माझ्या अनुभवात हे घाटातल्या उष्णतेनं होतं. पसरणी घाट उतरताना कितीतरी लोक गाडी न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर उतरतात. खाली वाईत येईपर्यंत चाकातून वास यायला लागतो. एवढं तापल्यावर डिस्क वाकणारच. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करतात, पण आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उताराला गियरमध्ये राहून पाय उचलला की इंजिनाला पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. ज्या गियरमध्ये घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरा, हा आमच्या धंद्यातला जुना नियम.

लेथवाला_कुपवाड (सांगली)

शाहूपुरीकर ताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं निदान तिथंच झालं. माझं कुपवाड एमआयडीसीत लेथचं काम आहे. गॅरेजवाले डिस्क आणि ड्रम फेस मारायला, म्हणजे लेथवर घासून सपाट करायला, माझ्याकडे पाठवतात, त्यामुळे "वाकलेल्या" डिस्क मी भरपूर मोजल्यात. माझा अनुभव असा, की अशा बहुतेक डिस्क वाकलेल्या नसतातच. त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

हा फरक समजला की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर आवळतात त्या मधल्या भागावर, बसते. हबच्या आणि डिस्कच्या मध्ये गंजाचा एक पापुद्रा राहिला, तर डिस्क किंचित तिरकी बसते. फिरताना तिचा काठ आत-बाहेर होतो. याला आम्ही रनआउट म्हणतो आणि तो डायल गेजवर, म्हणजे बारीक हालचाल काट्यानं दाखवणाऱ्या मापकावर, मोजतो. बऱ्याच गाड्यांना काठाजवळ ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतो, काही कंपन्या ०.१० पर्यंत सूट देतात, पण ०.१० च्या पुढे गेला की त्रास ठरलेला. गंमत अशी की एवढ्याशा रनआउटनं सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कारण कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) डिस्कबरोबर सरकतं. पण प्रत्येक फेऱ्याला तीच एक जागा पॅडला हलकी घासून जाते, ब्रेक दाबलेला नसतानाही. हजारो किलोमीटर तेच चाललं की ती जागा इतर जागेपेक्षा पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पॅड जाड-पातळ-जाड-पातळ असं चालतं, ब्रेकचं तेल मागे-पुढे ढकललं जातं, आणि तुमच्या हातात थरथर येते. जाडीतला ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा काही गाड्यांत जाणवतो.

म्हणून नवी डिस्क टाकल्यावर काही महिने सगळं छान आणि पाच-सहा हजारांवर पुन्हा थरथर, हे ऐकलं की माझी पहिली शंका हबवर जाते. डिस्क बदलली, पण ती ज्याच्यावर बसते तो हब घासून साफ केला का? हे विचारा. पुन्हा नवी डिस्क त्याच गंजावर बसवली तर पुढच्या वर्षी हा धागा पुन्हा वर येईल.

दुसरी शंका कॅलिपर ज्यांच्यावर सरकतं त्या गाईड पिनांवर. त्या जाम झाल्या की एकाच बाजूचा पॅड डिस्कला चिकटून राहतो, तापतो आणि असमान झिजतो. चाक काढल्यावर आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी शेजारी धरून बघा. दोघांच्या जाडीत डोळ्यांना दिसेल एवढा फरक असेल तर पिन तपासायचीच.

एवढं बघितल्याशिवाय नवीन डिस्कला पैसे घालू नका.

नवा_चालक_मिरज

माझी गाडी ब्रेक न दाबताच नव्वदला थरथरते. ब्रेक दाबला तरी तेवढीच. हेच कारण असेल का?

लेथवाला_कुपवाड (सांगली)

नाही, तुमचं वेगळं आहे. ब्रेकशिवाय थरथर म्हणजे चाकाचं बॅलन्सिंग, वाकलेला रिम किंवा फुगलेला टायर. आधी रिमच्या आतल्या बाजूला बघा. आपल्याकडची काळी माती शेतातल्या रस्त्यानं रिममध्ये चिकटून वाळली की बॅलन्सिंग बिघडतं. पाण्यानं धुऊन काढा आणि मगच बॅलन्सिंगला न्या, नाहीतर मातीसकट वजनं लावून देतात. टायरला कुठं फुगा आला असेल तर मात्र ती गाडी रस्त्यावर काढू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

पिनांचा मुद्दा अगदी खरा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची गाडी दारात पाण्यात उभी होती. इंजिन, वायरिंग, सीट सगळ्याकडे लक्ष दिलं गेलं. नंतर गाडी चालायला लागली तेव्हा ब्रेकला हादरे आणि डावीकडं ओढ. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं कॅलिपर उघडून दाखवलं. खालची पिन गंजून तिच्या भोकातच बसली होती आणि रबराचं बूट फाटलं होतं. पिन नवी, बूट नवं, आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. त्यांनी बजावून सांगितलं होतं की चेसिसचं साधं ग्रीस तिथं अजिबात लावायचं नाही, त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पुरात उभी राहिलेली जुनी गाडी कुणी घेत असेल तर कॅलिपर उघडून बघितल्याशिवाय व्यवहार करू नये.

कऱ्हाडचा_इंजिनिअर

वेगाबद्दल थोडं लिहितो, कारण "ऐंशीला जास्त, चाळीसला नाही" यावरून बरंच कळतं.

अशा हॅचबॅकच्या चाकाचा परीघ साधारण १.९५ मीटर असतो. ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला ११ ते १२ फेरे घेतं. शंभरला १४. चाळीसला सहापेक्षाही कमी. डिस्कवर एक पातळ जागा असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. चाक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग मिळून जो भाग हलतो त्याची स्वतःची नैसर्गिक कंपनं साधारण सेकंदाला दहा ते पंधरा या पट्ट्यात असतात. धक्क्यांचा आकडा या पट्ट्यात आला की थरथर कित्येक पटींनी वाढते आणि पट्टा सोडला की विरते. चाळीसला दोष गेलेला नसतो, फक्त जाणवत नाही. त्यामुळे गॅरेजवाल्यानं गल्लीत एक चक्कर मारून "काही नाही हो" म्हटलं तर ते ग्राह्य धरू नका. हायवेला ऐंशीनंच दाखवायला हवं.

आणि एक. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, झिजलेले असतील तर तोच लहान धक्का मोठा होऊन हाताला येतो. झिजलेला बुश थरथर निर्माण करत नाही, पण असलेली वाढवतो. नुसते बुश बदलून काही दिवस बरं वाटतं ते यामुळेच. दोष डिस्कवर तसाच असतो.

घाटवाट (वाई)

लेथवाले दादा, तुमच्या मोजमापाबद्दल मला आदर आहे, पण घाटाच्या उष्णतेचा मुद्दा एवढा सहज सोडू नका. पर्यटकांच्या गाड्यांच्या निळ्या पडलेल्या डिस्क मी डोळ्यांनी पाहिल्यात.

लेथवाला_कुपवाड (सांगली)

घाटवाट भाऊ, सोडत नाही. तुमचं म्हणणं एका बाबतीत पूर्ण बरोबर. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, वाई सुमारे ७००. बाराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा निघते, ती सगळी पुढच्या दोन डिस्कांनी गिळायची म्हटलं आणि हवेनं काहीच थंड केलं नाही असं धरलं, तर डिस्क लालभडक होतील एवढी ती असते. इंजिन ब्रेकिंग म्हणूनच हवं. तुमचा गियरचा नियम मी माझ्या मुलालाही शिकवलाय.

निळे डाग ही मात्र वेगळी जात. फार तापलेल्या जागी बिडाची (डिस्कच्या ओतीव लोखंडाची) रचनाच बदलते आणि तो भाग कडक होतो. लेथवर घेतला की टूल त्या जागी उडतं, वरून सपाट केला तरी थोड्या वापरानंतर तो भाग पुन्हा वर राहतो, कारण बाजूचं बीड झिजतं आणि तो झिजत नाही. अशी डिस्क मी फेस मारून देत नाही, सरळ बदला म्हणून सांगतो. पण ताईंच्या डिस्कला निळे डाग असल्याचं त्यांनी लिहिलेलं नाही. ताई, चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघा आणि सांगा.

उष्णतेची आणखी एक वाट सांगतो, ती घाट नसतानाही घडते. शंभरवरून जोरात ब्रेक मारून टोलनाक्याच्या रांगेत थांबलात आणि पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवला, तर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर त्या एकाच जागी चिकटतो. शक्य असेल तर थांबताना गाडी हळूहळू पुढे सरकती ठेवा. तसंच घाट उतरून आल्याबरोबर वॉशिंग सेंटरला नेऊन तापलेल्या चाकांवर थंड पाण्याचा फवारा मारू नका.

शाहूपुरीकर (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी करता येण्यासारखं जेवढं होतं तेवढं करून बघितलं, ते लिहिते.

डिस्कवर निळे डाग नाहीत. उजव्या चाकाच्या डिस्कवर मात्र एका बाजूला पट्ट्यासारखी चकाकी जास्त दिसते. टायरला फुगा नाही, रिममध्ये माती नाही. हँडब्रेकची तपासणी भावानं सांगितली तशी केली: सकाळी लवकर, रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना, चाळीसच्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हळूहळू ओढला. गाडी गुळगुळीत मंदावली, मागून काही धक्का नाही. म्हणजे मागचे ड्रम ठीक आहेत असं समजू ना?

शहरात नेहमीसारखी चालवून आल्यावर उजव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला (टेकवला नाही) तर डावीकडच्या मानानं आच जास्त. घरात कोरोनाच्या वेळची ताप मोजायची गन होती, तिनं काही दाखवलं नाही.

लेथवाला_कुपवाड (सांगली)

ती गन माणसाच्या तापासाठीच केलेली असते, ४२-४३ अंशांच्या पुढे नुसतं "हाय" दाखवते. त्यासाठी कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन लागते. पण तुमच्या हातानं पुरेसं सांगितलंय. उजवं पुढचं चाक जास्त तापतं म्हणजे तिथला पॅड सुटत नाही. ड्रमचंही बरोबर, मागचा दोष असता तर हँडब्रेकला सीटखालून धक्का आला असता. फक्त ज्यांच्या गाडीला मागेही डिस्क आहेत किंवा बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक आहे, त्यांनी ही तपासणी करू नये.

तुमचं सांगलीला येणं होतं का? सातारा एमआयडीसीतही चांगले टर्नर आहेत, पण जिथं जाल तिथं डायल गेज आणि मायक्रोमीटर आहे का हे आधी विचारा. नुसत्या नजरेनं ०.०५ कुणालाही दिसत नाही.

शाहूपुरीकर (सातारा)

माहेर सांगलीचंच आहे. भाऊबिजेला येणार आहे, तेव्हा गाडी घेऊन येते.

नवा_चालक_मिरज

रिममधून खरंच ढेकूळभर काळी माती निघाली. बॅलन्सिंग करून घेतलं, गाडी शांत. धन्यवाद दादा.

एक शंका. ब्रेक ऑइल जुनं झालं तर थरथर येते का?

कऱ्हाडचा_इंजिनिअर

थरथर येत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ या प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, ओलावा शोषल्यावर तेच १५५ वर येतं. घाटात तेल उकळलं तर पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. थरथरीपेक्षा ते कितीतरी घातक. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलायचं, थरथर असो वा नसो.

जाता जाता, एबीएस असलेल्या गाडीत खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पेडल खडखडतं, तो दोष नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या सगळ्या कारना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे नव्यानं गाडी घेतलेले बरेच जण त्या खडखडीला घाबरून पाय उचलतात. तिथं पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

शाहूपुरीकर (सातारा)

काम झालं. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं लिहिते. मी शेवटपर्यंत शेजारी उभी राहून बघितलं आणि आकडे वहीत उतरवून घेतले.

गाडी सपाट जागी उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅकनं उचलून खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी काम केलं नाही, हे मला फार आवडलं. आधी चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंग बघितलं, ढिलं नव्हतं. मग चाक काढून डिस्क वॉशर आणि नटांनी हबवर घट्ट बसवली, म्हणजे चाक असताना बसते तशी. डायल गेजचा काटा काठापासून साधारण एक सेंटिमीटर आत टेकवला आणि डिस्क हातानं फिरवली. डावीकडे ०.०४. उजवीकडे ०.१४.

जाडी आठ ठिकाणी मोजली. डावी डिस्क १९.१२ ते १९.१३. उजवी १९.०५ ते १९.११, म्हणजे ०.०६ चा फरक. डिस्कच्या मधल्या भागावर किमान जाडी १८ कोरलेली आहे. ती तिथं लिहिलेली असते हेच मला माहीत नव्हतं. प्रत्येकानं आपल्या गाडीवर बघून ठेवावी.

उजवी डिस्क काढली तर मागे हबवर गंजाचा पापुद्रा, एका बाजूला जास्त. त्यावरच नवी डिस्क बसवली गेली होती. आणि खालची गाईड पिन हातानं हलेना. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा तीन मिलिमीटर पातळ. लेथवाले दादांनी इथं धाग्यावर जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं समोर होतं.

हब वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत केला, स्टडच्या (चाकाचे नट ज्यांच्यावर आवळतात त्या बोल्टांच्या) मुळाशी अडकलेला गंज बारीक घासून काढला. डिस्कची मागची बाजूही तशीच. नुसतं एवढं करून डिस्क परत लावली तर रनआउट ०.१४ वरून ०.०७. मग दादांनी डिस्क एका स्टडनं पुढे फिरवून बसवली, पुन्हा मोजलं. आणखी एक स्टड पुढे, पुन्हा मोजलं. चार स्टड म्हणजे चार जागा. त्यातल्या एका जागेवर ०.०३ आलं. त्या जागी हबवर आणि डिस्कवर खूण करून ठेवली.

जाडीतला फरक मात्र साफसफाईनं जाणार नव्हता, म्हणून दोन्ही डिस्क लेथवर घेतल्या. त्याबद्दल दादांनीच लिहावं.

लेथवाला_कुपवाड (सांगली)

लिहितो, कारण या कामात फसगत फार होते. डिस्क लेथच्या चकमध्ये (पकडीत) कशीही पकडून फेस मारला तर जुना रनआउट जाऊन नवा येतो. हबवर बसते ती बाजू आणि मधलं भोक, याच दोन गोष्टी खऱ्या. म्हणून मँड्रेलवर, म्हणजे भोकात नेमक्या बसणाऱ्या दांड्यावर, डिस्क बसवायची, बसायच्या बाजूला डायल लावून शून्याजवळ आणायची, आणि मग दोन्ही बाजूंचा फेस एकाच पकडीत मारायचा. मध्ये उलटून पकडली की दोन्ही बाजू समांतर राहतील याची खात्री संपते. कट अगदी बारीक घ्यायचा. ताईंच्या दोन्ही डिस्क १८.९ च्या वर राहिल्या, म्हणजे झिजायला पुरेसा वाव आहे. फेस मारल्यावर जाडी किमान आकड्याला टेकत असेल तर ती डिस्क भंगारात, मग गिऱ्हाईक कितीही आग्रह करो. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकते. ब्रेकच्या कामात मी त्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

फेस मारल्यावर टूलच्या बारीक रेषा राहतात, त्यावर पॉलिश पेपर आडवा-तिडवा फिरवायचा. मग साबणाच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडी करायची. लोखंडाची बारीक भुकटी तशीच राहिली तर नव्या पॅडमध्ये रुतते. आणि एक कळकळीची विनंती: जुन्या पॅडची आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. कितीतरी गॅरेजमध्ये पोरं दिवसभर तोंडाला फडकंही न बांधता ती धूळ उडवत असतात. हे बंद झालं पाहिजे.

शाहूपुरीकर (सातारा)

पुढचं. उजवीकडच्या दोन्ही पिना आणि रबरी बूट नवे टाकले. डावीकडच्या पिना पुसून ब्रेक ग्रीस लावून परत बसवल्या. पॅड दोन्हीकडे नवे, कारण जोडी एकसारखी हवी. चाकाचे नट आधी हातानं, मग समोरासमोर असे आळीपाळीनं, आणि गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क पान्यानं (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं) मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्याला. आजपर्यंत सगळीकडे एअर गननं एका दमात आवळून देत होते.

सगळा खर्च गॅरेजनं नव्या डिस्कांसाठी सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून बराच कमी आला.

परतीच्या वाटेवर इस्लामपूरच्या पुढे हायवेला नीट बघितलं. शंभरवरून ब्रेक, हात स्थिर. पुढे वडिलांना घेऊन पुण्याला जाऊनही आले, खंबाटकी उतरून आल्यावरही काही नाही.

घाटवाट (वाई)

ताई, फार समाधान वाटलं वाचून. आमच्या स्टँडवरच्या दोघा-तिघांना हा धागा वाचून दाखवला. हबचा गंज ही गोष्ट मला नवीन, आणि आपल्या भागातल्या पावसात ती पटतेच. महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर गाडी नुसती उभी राहिली तरी डिस्कवर तांबूस थर येतो. वरचा थर चार ब्रेकमध्ये जातो, पण मागचा कोण बघतो?

नवे पॅड बसवल्यावर काय करायचं तेवढं कुणीतरी लिहा. पॅड बदलून थेट भरल्या गाडीनं घाट उतरायला गेलेले मी पाहिलेत.

लेथवाला_कुपवाड (सांगली)

गॅरेजबाहेर काढायच्या आधी पेडल बऱ्याचदा दाबून घट्ट करून घ्यायचं, हे पहिलं. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि समोर भिंत असते.

मग रिकाम्या रस्त्यावर साठवरून दहा-पंधरापर्यंत मध्यम ब्रेक लावत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, मध्ये थोडी हवा लागू द्यायची. आठ-दहा वेळा असं केलं की पॅडचा सारखा थर डिस्कवर बसतो. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्यायचं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि जोराचे ब्रेक टाळता आले तर उत्तम. आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासायचे.

कऱ्हाडचा_इंजिनिअर

गॅरेजमध्ये गेल्यावर नेमकं काय विचारायचं, असं मला दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं. माझं उत्तर: रनआउट किती आणि जाडीतला फरक किती, हे दोन आकडे मागा. जो ते मोजून देतो त्याच्याकडे काम करा. ज्याला प्रश्नच नको वाटतो त्याच्याकडून फक्त हवा भरून घ्या. नवी डिस्क टाकायची वेळ आली तरी हब साफ करून, डायल लावून, ०.०५ च्या आत आल्यावरच चाक बसवायला सांगा. हब स्वतःच वाकलेला असेल तर त्याच्या काठावरचं ०.०३ डिस्कच्या काठावर जवळपास दुप्पट होतं, मग कितीही डिस्क बदला. खड्ड्यात जोरात आदळलेल्या गाड्यांत हे सापडतं.

कृष्णाकाठ (सांगली)

लेथवाले दादा, माझ्या मेहुण्याची गाडी आणायची आहे. पिना मोकळ्या आहेत, तरी थरथर आहे. दोन-तीन तास लागतील का? गाडी सोडून जाऊ की थांबू?

लेथवाला_कुपवाड (सांगली)

थांबायला सांगा, मोजताना मालक समोर असलेला बरा. सोमवारी इकडं वीज नसते, मंगळवारी सकाळी या. लांबून जोरात चालवत येऊन लगेच मोजता येत नाही, डिस्क थंड व्हावी लागते, त्यामुळे तासभर जास्तीचा धरा. आणि अलॉय व्हीलला चोरी होऊ नये म्हणून लावलेला लॉक नट असेल तर त्याची चावी आठवणीनं आणा, ती घरी राहिली म्हणून परत गेलेली माणसं बरीच आहेत.